पुरीमची दुसरी पिशवी

ज्या दिवशी मला दोन गरीब माणसं हवी होती, त्या दिवशी आमच्या शहरातली गरिबी बहुतेक सामुदायिक रजेवर गेली होती. एरवी बाजारात पाकीट बाहेर काढायचा अवकाश, की कुणीतरी कोपराला हात लावतंच. सिग्नलला गाडी थांबली की काचेवर टकटक. आणि त्या दिवशी मी जेवणाने भरलेल्या दोन पिशव्या घेऊन भर दुपारी वणवण फिरतोय, तर जो तो आपला खाऊनपिऊन सुखी. मला तर वाटायला लागलं, की सगळ्यात गरजू माणूस मीच आहे.

कारण सांगतो. आम्ही ज्यू. आमच्यात पुरीम नावाचा सण असतो. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये बसून एस्तेर राणीची पोथी ऐकायची, स्नेह्यासोबत्यांकडे खाऊ पाठवायचा, घरी दिवसाउजेडी मेजवानी करायची आणि दोन गरिबांना दान द्यायचं. पहिल्या तीन गोष्टी माझ्यासारख्याला सहज जमतात, कारण त्यांत बसायचं, पाठवायचं आणि खायचं एवढंच असतं. चौथीसाठी उठावं लागतं. शिवाय तिला नियम आहेत. दान दोन वेगवेगळ्या गरिबांना द्यायचं, एकालाच दुप्पट देऊन भागत नाही. ते त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, घेणाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे. आदल्या दिवशी देऊन मोकळं व्हायची सोय नाही, कारण तो आदल्या दिवशीच खाऊन टाकील आणि सणाला उपाशी राहील. आणि शेवटचा नियम असा, की त्या दिवशी जो हात पुढे करील त्याला द्यायचं. चौकशी करायची नाही.

हा शेवटचा नियम माझ्या मुळावर आला. मी विमा कंपनीत दावे तपासतो. एखाद्याचं दुकान जळलं तर चार लोक हळहळतात, मी विचारतो, आग लागली तेव्हा माल नेमका कुठे होता. माझा स्वभाव शंकेखोर आहे असं बायको म्हणते. ते खोटं आहे. माझी नोकरी शंकेखोर आहे, मी फक्त ती घरी घेऊन येतो.

दर वर्षी हे दानाचं काम सासरेबुवा करायचे. ते शिंपी. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, पण स्वतःच्या हट्टाचं माप कुणाला घेऊ दिलं नाही. त्यांची दोन माणसं ठरलेली होती, पुलाजवळ वजनकाटा घेऊन बसणारा म्हातारा आणि मंडईमागच्या खोलीतली एक बाई. यंदा सासरेबुवा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ते चाकांच्या खुर्चीसकट आमच्याकडे राहायला आले. पुरीमच्या सकाळी सिनेगॉगच्या रखवालदाराकडून कळलं, की वजनकाट्याचा म्हातारा थंडीतच गेला आणि मंडईमागच्या बाईला तिची लेक घेऊन गेली. सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, यंदा तुम्ही. माझ्या नावाने, माझ्या वतीने. असं दुसऱ्याकरवी दिलेलं चालतं.

मी म्हटलं चालेल, आधी जेवून घेऊ. इथेच पहिली ठेच लागली. सासरेबुवांना मधुमेह आहे. सकाळी इंजेक्शन घेतलं, की दुपारचं जेवण टाळायचं नाही, या वयात साखर एकदम उतरली तर काहीही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी मला आणि बायकोला समोर बसवून बजावलेलं. इंजेक्शन घेऊन झालं होतं. मेजवानीसाठी पोट मोकळं हवं म्हणून सकाळी नुसता चहा आणि बिस्किट. टेबलावर सगळं मांडलेलं. आणि म्हाताऱ्याने आपलं ताट उचललं आणि उपडं घातलं.

"दोघांच्या हातात पडल्याचा निरोप येऊ दे," ते म्हणाले. "मग माझं ताट सुलटं होईल."

"बाबा, दान दिल्याशिवाय जेवू नये असं धर्माच्या कायद्यात कुठे आहे?" मी विचारलं.

"कायद्यात नाही, जावईबापू. माझ्यात आहे. देणाऱ्याच्या पोटातही थोडी आग असावी, नाहीतर तो रमतगमत जातो. तुम्ही तर एरवीही रमतगमतच जाता."

बायको माझ्याकडे असं बघत होती, की जणू मीच तिच्या वडिलांना शिकवून ठेवलं होतं. तिने दोन पिशव्या भरून दिल्या. प्रत्येकीत एका माणसाचं पोटभर जेवण, वर फळं आणि एक बंद पाकीट. हळू आवाजात म्हणाली, "लवकर या हो. मला भीती वाटतेय." ती घाबरलीय हे तिने सरळ सांगितलं म्हणजे प्रकरण गंभीर होतं. एरवी ती चिडते.

आता माझ्या मिशीबद्दल सांगायला हवं, कारण पुढे तीच नडली. पुरीमला वेष पालटायची पद्धत आहे. सकाळी आमची मुलगी राणी झाली आणि तिने मला प्रधान केलं, म्हणजे माझ्या ओठांवर टोकं वर वळवलेली झुपकेदार मिशी काढली. हत्यार कोणतं, तर माझ्या ऑफिसच्या बॅगेतलं मार्कर पेन. आग, पूर, काहीही झालं तरी फायलीवरचा नंबर शाबूत राहावा म्हणून कंपनीने ते मुद्दाम मागवलेलं आहे. साबण लावला, तेल लावलं, बायकोने भांडी घासायची घासणी पुढे केली. मिशी काळ्याची निळी झाली, पण जागची हलली नाही.

तर अशी निळी मिशी आणि दोन पिशव्या घेऊन मी जिना उतरलो. जिन्यात समोरचे निवृत्त हेडमास्तर उभे. त्यांना काही विचारावं लागत नाही. पिशव्यांकडे बघून त्यांनी सगळं काढून घेतलं आणि मग मला कठड्याशी उभं करून गरिबीचे प्रकार समजावले. त्यांचं म्हणणं असं, की जो खरा गरीब असतो तो मागत नाही आणि जो मागतो तो खरा गरीब नसतो. मी विचारलं, मग द्यायचं कुणाला. ते म्हणाले, तोच तर खरा प्रश्न आहे, आणि दार लावून घेतलं. हे मला आधी सांगितलं असतं तर मी जिना तरी पटकन उतरलो असतो.

बसस्टँडवर गेलो. तिथे खांबाला टेकून एक माणूस बसला होता, दाढी वाढलेली, चपलेला दोरी बांधलेली. मला बघून त्याने हात पुढे केला. म्हणजे बघा, घरातून निघाल्यावर पहिल्याच झटक्यात काम फत्ते. पिशवी द्यायची आणि पुढे चालू लागायचं, एवढंच बाकी होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठले आपण?"

त्याने सांगितलं. मी विचारलं, घरी कोण कोण असतं. त्याने तेही सांगितलं. मग मी विचारलं मुलगा काय करतो, इथे कधीपासून बसता, याआधी काय करत होतात, ते का सुटलं. हे सगळं मी मुद्दाम विचारत नव्हतो. नळाची तोटी खराब झाली की पाणी जसं आपोआप गळतं तसे माझे प्रश्न गळत होते. शेवटी मी त्याला विचारलं, की याचा काही पुरावा आहे का. तेव्हा त्याने हात मागे घेतला.

"साहेब," तो म्हणाला, "एवढी उत्तरं देता आली असती तर मला नोकरीच लागली नसती का?" आणि तो उठला आणि आलेल्या बसमध्ये चढून चक्क निघून गेला. बाकावरच्या दोन बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, मिशीवरूनच कळतंय. काय कळतंय ते मी विचारलं नाही. प्रश्नांचा मला तेवढ्यापुरता कंटाळा आला होता.

तेवढ्यात बायकोचा फोन. बाबांची साखर बघितली, उतरायला लागलीय. हाताला कंप सुटलाय. तिने पाण्यात साखर घालून द्यायचा प्रयत्न केला, तर एक घोट घेऊन त्यांनी पेला बाजूला सरकवला आणि म्हणाले, पाणी गोड कधीपासून झालं. दिलं का तुम्ही? मी म्हटलं, देतोच आहे. "देतोच आहे म्हणजे काय?" ती म्हणाली. मी फोन खिशात टाकून चालू लागलो.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गाठलं. याला सगळ्या वस्तीच्या आजारांची आणि अडचणींची माहिती असते. तो म्हणाला, एवढंच ना, त्या अर्धवट राहिलेल्या इमारतीवर जा, तिथे म्हातारा पहारेकरी आणि त्याची बायको पत्र्याच्या खोपीत राहतात. मालकाने बांधकाम सोडलं तेव्हापासून पगार नाही, पण हे दोघे राखण करतायत. मला त्याच्या गळ्यातच पडावंसं वाटलं. पण हा माणूस उपकार अर्धा ठेवत नाही. म्हणाला, असा जाऊ नका, लोक हसतील, आणि कापसावर स्पिरिट घेऊन माझी मिशी घासायला लागला. मिशी फिकट झाली, पसरली आणि गालापर्यंत गेली. वर मी नखशिखांत दारूच्या गुत्त्यासारखा वास मारायला लागलो.

त्या अर्धवट इमारतीला जायला रस्ता नाही, वाळूचे ढीग आहेत. ढिगांवरून घसरत, एका टाचेचा खिळा गमावत (बुटाच्या, माझ्या नव्हे) पोचलो. खोपीबाहेर दोघं म्हातारी माणसं बसली होती. या वेळी मी जिभेवर दगड ठेवला. एक शब्द विचारला नाही. एक पिशवी म्हाताऱ्याच्या हातात, एक म्हातारीच्या हातात. दोघांनी दोन्ही हातांनी घेतल्या. म्हातारीने फळं हुंगून पाहिली आणि मला बसायला विटा मांडल्या. माझी छाती अशी फुगली, की मी तिथूनच फोन लावला आणि सासरेबुवांना द्यायला सांगितलं.

"दिलं, बाबा. दोघांना. हातात. आता ताट सुलटं करा."

पलीकडून त्यांनी विचारलं, कोण दोघं. मी उत्साहाने सांगितलं, पहारेकरी आणि त्याची बायको.

"चूल एक की दोन?"

"काय?"

"दोघांची चूल एक आहे की वेगळी?"

खोपीत एकच चूल होती. मी ती बघत होतो.

"मग तो एक झाला," सासरेबुवा म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण हट्ट तेवढाच. "नवराबायको एका चुलीवर जेवतात, ते एक घर. एका गरिबाला दोन वेळा दिलंत. चांगलं केलंत. आता दुसरा शोधा."

याला मी काय म्हणणार? विम्यातही असंच असतं. एका घराचा एकच दावा. मी स्वतः कितीतरी लोकांना हे तोंड वर करून सांगितलंय, आणि त्यांचे चेहरे कसे होतात ते पाहिलंय. त्या क्षणी माझा तसाच झाला असणार. त्यात निळा.

आणि मग माझ्या हातून असं काही झालं, की लिहितानाही कान गरम होतात. माझी नजर म्हातारीच्या पिशवीवर गेली. एक पिशवी इथे जास्तच झाली ना, असा एक हिशेबी विचार मनात आला, आणि मी म्हटलं, आजी, जरा एक अडचण झालीय. म्हातारीला पुढचं सांगावं लागलं नाही. गरिबाला देणाऱ्याची अडचण पटकन कळते. तिने फळ पिशवीत परत ठेवलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि माझ्यापुढे धरली. फोन अजून चालूच होता. त्यातून सासरेबुवा ओरडले, म्हणजे जेवढं ओरडवत होतं तेवढं ओरडले, "हात लावू नका. दिलेलं परत घेतलंत तर घरी येऊ नका."

मी हात मागे घेतला. मी म्हातारीची माफी मागितली. ती म्हणाली, होतं असं, साहेब, आणि पिशवी मांडीवर ठेवली. पण गाठ सोडली नाही. मी वाळूचे ढीग उतरून दिसेनासा होईपर्यंत ती सोडणार नव्हती, हे मला कळत होतं. मला माझीच लाज वाटली.

घराखाली आलो तर बायको तिसरी पिशवी घेऊन फाटकातच उभी. तिने माझ्या गालाकडे पाहिलं, वास घेतला आणि काही विचारलं नाही. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. तासाभरात काही खाल्लं नाही तर सरळ दवाखान्यात आणा, सलाइन लावू, असं ते म्हणाले होते. बाबा दवाखान्यात यायलाही तयार नव्हते. म्हणत होते, तिथे नेलंत तर सुईतून जेवल्यासारखंच होईल, तेही दानाआधी. "माझी आई अशीच हट्टाहट्टाने गेली," ती म्हणाली, "आणि आता हे. तुम्ही फक्त एक माणूस शोधा. एक. कसाही असू दे." तिचे डोळे भरून आले होते. ऊन उतरायला लागलं होतं आणि फाटकाची सावली पार रस्त्यापर्यंत आली होती.

मी धावत सरकारी निवाऱ्यात गेलो. बेघर लोकांचं घर ते. गरीब शोधायचा तर सरकारने एवढे एका छपराखाली जमवून ठेवले असताना मी दिवसभर उन्हात का फिरलो, या विचाराने मी स्वतःला शिव्या घालतच आत शिरलो. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. समोर तीन शिक्के, एक पेन दोरीने बांधलेलं. मी म्हटलं, एका माणसाला जेवण द्यायचंय. त्या म्हणाल्या, इथे जमा करा. मी म्हटलं, जमा नाही, हातात द्यायचंय, आज. त्या म्हणाल्या, देणगी इथे जमा होते, नोंद होते, तपासणी होते आणि मग सोमवारी वाटप होतं.

"सोमवारी चालणार नाही हो. आज सूर्य मावळायच्या आत द्यायचंय. आमचा नियम आहे."

"हा आमचा नियम आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागे, उघड्या दारातून, मला अंगणातल्या बाकांवर बसलेली माणसं दिसत होती. वीस पावलं असतील. त्यांतल्या एकाने माझ्या पिशवीकडे पाहिलंही. मी म्हटलं, निदान त्यांना बाहेर बोलवा. बाई म्हणाल्या, राहणाऱ्यांनी फाटकावर काही स्वीकारायचं नाही, विषबाधेचं प्रकरण झाल्यापासून. बरोबरच होतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं, किंबहुना दोन शिक्के जास्त मारले असते. शेवटी त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाल्या, ओळखपत्र दाखवा, साहेबांना विचारून विशेष परवानगी मिळते का बघते. मी ओळखपत्र काढून दिलं. त्यांनी ते बघितलं, मला बघितलं, पुन्हा ते बघितलं.

"फोटोत मिशी नाही," त्या म्हणाल्या.

मी समजावलं, की ही मिशी खरी नाही. त्यावर त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. खोटी मिशी लावून, तोंडाला स्पिरिटचा भपकारा मारत, आजच्या आज कुणाला तरी खाऊ घालायचंच म्हणणारा माणूस आला तर मी स्वतः काय शेरा मारला असता, हे मला तोंडपाठ होतं. बाईंनी ओळखपत्र परत सरकवलं. उद्या या, म्हणाल्या, जरा नीट होऊन या.

रस्त्यावर आलो तेव्हा ऊन इमारतींच्या वरच्या मजल्यांवरच उरलं होतं. फोन हातात घेतला. आणि मनात आलं, की एकदा फोन करायचा, 'दिलं' म्हणायचं आणि संपवायचं. कोण तपासायला येणार आहे? पिशवी उद्या खरोखरच कुणाला तरी देता येईल. म्हातारा जेवेल, वाचेल, बायको हसेल. यात खोटं किती आणि पुण्य किती? असा हिशेब मी घातलाही. सरळ सांगतो, मी नंबर लावला. सासरेबुवांनीच उचलला. त्यांना 'हॅलो'सुद्धा नीट म्हणता येईना. नुसतं म्हणाले, "हं?" त्या एका हुंकारात इतका भरवसा होता, की मी म्हटलं, अजून नाही, बाबा. ते म्हणाले, बरं. आणि फोन खाली ठेवायचा आवाज आला.

मग मी काय केलं? मी ज्या रस्त्याने निघालो तो कोणता होता, हे मी सांगणार नाही. ती जागा आमच्या घराजवळ होती की लांब, तेही नाही. मी पिशवी पोटाशी धरून भराभर चाललो होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांकडे बघत होतो. कुणाच्या हातात किल्ल्या, कुणाच्या फोन, कुणाच्या भाजी. आणि तेवढ्यात एक हात माझ्यासमोर आला. पूर्ण पुढे आला नव्हता. कमरेपाशीच, उघडा, थोडासा उचललेला. मागणाऱ्याचा नव्हे, पाऊस पडतोय का बघणाऱ्याचा असतो तसा.

त्या हाताला मी ओळखत होतो. त्या माणसाला तुम्हीही ओळखत असाल, म्हणजे अशा माणसाला. त्याला दानाची पिशवी द्यावी, हे मला जन्मात सुचलं नसतं. उलट त्यानेच कुणाला दिली असती, असं मी म्हटलं असतं.

"ते," तो म्हणाला, "मला दिलंत तर चालेल का?"

माझ्या गळ्याशी प्रश्नांची अशी गर्दी झाली, की श्वास अडकला. तुम्हाला? कधीपासून? घरी माहीत आहे का? असं कसं झालं? एकेक प्रश्न मी पाणी न पिता गोळी गिळावी तसा गिळला. त्याला माझं ते गिळणं दिसत होतं. तो माझ्याकडे न बघता माझ्या बुटाकडे बघत होता आणि हात तसाच होता. आणखी क्षणभर मी थांबलो असतो तरी तो हात मागे गेला असता. मी पिशवी त्या हातात ठेवली आणि बोटं बंद होईपर्यंत धरून ठेवली. मी म्हटलं, आज आमचा सण आहे. तो म्हणाला, हो का. आणि दोन्ही बाजूंना एकदा बघून, पिशवी अंगाआड धरून, निघून गेला.

मी धावलो. या वयात, या बुटांत, एक खिळा कमी असताना. जिन्यात हेडमास्तरांच्या दारात उजेड होता की नव्हता, औषधवाल्याने हाक मारली की नाही, यांतलं मी काही सांगणार नाही, कारण तुम्ही लगेच अंदाज बांधायला लागाल. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस तर नक्की लागेल.

घरी सासरेबुवा टेबलाशी तसेच बसले होते, उपड्या ताटावर हात ठेवून. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम. बायको बाजूला वाटी घेऊन उभी, मुलगी राणीचा मुकुट हातात धरून बसलेली. खिडकीत अजून थोडा उजेड होता.

"दिलं?" त्यांनी विचारलं.

"दिलं."

"हातात?"

"हातात."

"चूल?"

"वेगळी."

"कोण होता?"

बायकोही माझ्याकडे बघायला लागली. तिला हे ऐकायचंच होतं, दिवसभराच्या काळजीनंतर तिचा तो हक्कच होता. आणि मी असा माणूस, की मला वेळ विचारली तरी मी तारखेसकट सांगतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, असं माझ्या नोकरीत आणि संसारात कधी झालं नव्हतं.

"ते नाही सांगणार, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हाताऱ्याच्या नजरेला शिंप्याची सवय आहे, माणूस उभा राहिला की कुठे कमी, कुठे जास्त, ते त्यांना दिसतं. मला वाटलं, आता म्हणतील, मग मोजत नाही, मग दुसरा शोधा. उजेड तेवढा राहिला नव्हता.

"तपासलंत?"

"नाही."

त्यांनी ताट सुलटं केलं. त्यालाही दोन प्रयत्न लागले. बायकोने वाढलं, इतक्या घाईने की अर्धं टेबलावर पडलं, आणि तिने ते पुसलंही नाही. सासरेबुवांनी प्रार्थनेचे दोन शब्द म्हटले आणि पहिला घास उचलला. तो तोंडापर्यंत गेलाच नाही, बोटांतून ताटात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाकडून कपभर चहाही फुकट घेतलेला नव्हता. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो, घास केला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि मुकाट्याने तोंड उघडलं.